शेपूट नसलेला बुलबुल

शेपूट गेलेला बुलबुल म्हणजे तुरा लावलेलं लिंबूच! बघणाऱ्याला हसू येतं, पण गुरुदास महिनाभर त्याच्यापायी हैराण होता. आचऱ्यातल्या त्याच्या परसात मांजराने झडप घातली, शेपूट मुळासकट मांजराच्या तोंडात राहिलं आणि पाखरू काजूच्या बुंध्याशी थरथरत सापडलं. कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली त्याची सोय झाली. एसटीत कंट्रोलर म्हणून जन्म काढलेला, पासष्टी ओलांडलेला हा माणूस रोज सकाळी पाखरासाठी टोळ पकडायला गवतातून ओणवा फिरायचा. लोक हसले, हसोत बापडे!

पिसं मात्र येत होती. आधी नुसत्या राखाडी काड्या, मग काडीचं टोक फुटून त्यातून बारीक कुंचला. आता शेपूट दोन बोटं झालं होतं.

आणि नेमकी गावपळण आली. देवाचा कौल झाला की तीन दिवस गाव मोकळं करायचं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी वेशीबाहेर झोपड्या घालून राहायचं, आणि चौथ्या दिवसापर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही. त्यासाठी गुरुदासची थोरली बहीण सीता तळेऱ्याहून माहेरी आली. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण बाईने एक पळण चुकवली नव्हती.

पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने डालगं उचलून पाहिलं.

"गुरग्या, आपलो बुलबुल आठवता रे तुका?"

आठवत नसेल तर काय! ज्याची महिनाभर धास्ती होती तेच बाईने दारातच काढलं.

सीता पायरीवर बसली आणि सुरू झाली. ती दहाची, हा सातचा. काटेरी कुंपणात अडकलेला बुलबुल, मोडून लोंबणारी पंखाची पिसं. ती गुरुदासने बाबांच्या कातरीने साफ कापली होती, केस वाढतात तशी वाढतील म्हणून. आठ दिवसांत पळण आली. काय ते दिवस! बैलगाड्यांवर टोपं, चटया आणि वर बसलेली पोरं. उघड्यावरचा कुळथाचा पिठी-भात, तसा घरात कधी लागलाच नाही. अख्खा गाव एका अंगणात राहिल्यासारखा वाटायचा. बोलता बोलता सीता दहा वर्षांची दिसायला लागली.

"आणि वेशीर पोचल्यार तू सांगलंस, बाय गो, तो उडान गेलो! मी कितक्या नाचलंय!"

तेव्हापासून ती रोज सकाळी दगडी गडग्यावर बुलबुलांसाठी केळ्याचा तुकडा ठेवत आली होती. मुलांना, नातवंडांना हीच गोष्ट. गुरुमामा केवढा मायाळू, पाखराला जीव लावला आणि वेळेवर सोडूनही दिलं. गुरुदास दरवेळी मान खाली घालून चहा पीत राहायचा. पोरांना वाटायचं, मामा लाजतो.

"हेचाय एक पीस मोडलेला आसा," ती वाकून म्हणाली. "काप कातरीन. तो उडालो, तसो ह्योय उडात."

"डॉक्टरणीक विचारतंय आधी," गुरुदास घाईघाईने म्हणाला. समीक्षा डॉक्टर गुरांच्या दवाखान्यात होती. फोन लावला, आणि ऐकू येत नाही म्हणून नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला. गाढवपणा तो हाच.

"कापू नका हं काका!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुळापासून उपटलेलं पीस महिना-दीड महिन्यात नवीन येतं. कापलेलं येत नाही. खुंट तसाच राहतो आणि पुढच्या वेळी पिसं झडतील तेव्हाच बदलतो. त्याला वर्षसुद्धा लागतं. पंखाची बरीच पिसं कापली तर तोवर त्याने उडायचं कसं?"

फोन बंद झाला. सीताने डालगं परत झाकलं.

"मगे आपलो आठ दिवसांत उडालो कसो रे?"

अजूनही काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण गुरुदासला एकदम थकवा आला.

"उडूक नाय, बाये. गाडयेत पुढे बसूच्या नादात मी तेका विसारलंय. डालग्याखालीच रवलो. वेशीर इल्यार आठवला. चवथ्या दिसाक सगळ्यांच्या आधी धावलंय, तर मेलेलो होतो. केळीच्या बुडात पुरलंय."

सीता उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी पळणीला निघताना डालगं तिने स्वतः उचललं. गुरुदास पुढे झाला तर म्हणाली, "तुझ्या हातात नाय." शेजारीपाजारी ऐकत होते. साठ वर्षं कमावलेली बहिणीची माया एका वाक्यात गेली, असं त्याला वाटलं आणि ते त्याला फार लागलं.

संध्याकाळी झोपडीसमोर चूल पेटली. बुलबुल डालग्यात पपई टोचत होता. सीता चुलीकडे बघत म्हणाली, "वेशीर आठवला तेव्हा सांगलंस कित्याक नाय? मी धावत परत गेलंय असतंय."

"म्हणानच सांगूक नाय." गुरुदासने चुलीत लाकूड सारलं. "पळणीत मागे फिरलेला माणूस जिता परत येणा नाय, असा आजी सांगायची. माका ता खरा वाटलेला. पाखरू गेला तर गेला. तू गेली असतंस तर?"

सीताने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"तेव्हा तू तीन दिस जेवूक नाय होतंस," ती हळूहळू म्हणाली. "पोटात दुखता म्हणालंस. आयेन तुका ओवो दिल्यान. मी तुका हसलंय." तिने त्याच्या पाठीवर एक सणसणीत धपाटा घातला. "मेल्या, सात वर्सांचो तू! बहिणीक तरी सांगूचा मां!"

आणि साठ वर्षांत पहिल्यांदाच गुरुदास त्या पाखरासाठी कुणासमोर तरी रडला.