केबिनमागची काच

हिरव्या काचेचे बारीक तुकडे, लाकडाच्या फटीत अडकलेले.

पेट्रोलचा वास लागलेली एक वाकळ.

मोशीजवळचा इंद्रायणीचा पूल आणि त्यावरचे खड्डे.

एक सैल कडी.

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. चाकणजवळच्या एका मळ्यात, गोठ्याच्या मागे उभी आहे. माझ्या हौद्यात आता कोंबड्या अंडी घालतात.

कारखान्यात माझा जन्म अर्धाच झाला. इंजिन, चाकं आणि केबिन घेऊन मी बाहेर पडले. मागचा लाकडी हौदा चिंचवडच्या सुतारानं बांधला. १९६४ साली या मळ्याचे मालक सोपानराव यांची भोसरीकडची जमीन कारखान्यांकडे गेली आणि त्या पैशांतून त्यांच्या दारात मी आले. त्यांचा मुलगा ज्योतीराम मला चालवी. बटाटा, कांदा, खताची पोती, कधी भोसरीच्या कारखान्यातलं लोखंड. काय वाहिलं नाही मी! खेडच्या घाटात मोठे ट्रक धापा टाकत थांबत, मी मात्र हळूहळू चढून जाई. "म्हशीवानी हाय आपली गाडी, हूं की चूं न्हाई," असं सोपानराव पारावर सांगत. दसऱ्याला माझ्या नाकावर झेंडूचा हार असे.

माझ्यात खोडीही होत्या. चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे इतके ताठ की रिकामी धावताना मी जास्तच उसळे. हौद्याचं मागचं दार म्हणजे फाळका, त्याची कडी सैल झाली होती, त्यामुळे तो सारखा खडखडे. ज्योतीराम म्हणे, "आबा, कडी बदलून घेऊ." सोपानराव म्हणत, "वाजू दे. रस्त्यावरली कुत्री तरी सरकत्याल." आणि केबिनच्या मागे नुसता पत्रा. खिडकी नाही, काच नाही.

१९६६च्या मार्गशीर्षात ज्योतीरामची बायको कौशल्या पहिल्या बाळंतपणाला चिंचवडला माहेरी निघाली. पोचवायला सासरे निघाले, म्हणजे पुढे तेच बसणार. सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून सुनेनं बसायचं नाही, अशी त्या घरची रीत. कौशल्या मागे वाकळेवर बसली. तिला तसं कुणी सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही.

"आबा, तिला धक्के बसत्याल मागं," ज्योतीराम हँडल मारता मारता म्हणाला.

"मग दमानं हाक की, लेका. आज पोतं न्हाई काय न्हाई, हलकी हाय गाडी."

पुलावरच्या खड्ड्यात माझं मागचं चाक आदळलं. कौशल्या कळवळली. मग ती पत्र्यावर हात मारू लागली. मला एकेक थाप कळत होती. पण मित्रांनो, गाडीला स्वतःहून थांबता येत नाही.

"आबा, काय वाजतंय मागं?"

"फाळका. दुसरं काय? रोजचंच हाय."

"आज लय वाजतोय."

"तू रस्ता बघ म्होरं."

तिच्या बांगड्या फुटल्या. थापा थांबल्या.

"बघ, बसला का न्हाई गप?" सोपानराव म्हणाले.

चिंचवडला फाळका उघडला, तेव्हा ज्योतीरामनं तिला उचललं आणि तसाच दवाखान्याकडे धावला. कौशल्या वाचली. बाळ वाचलं नाही. पुढे तिची कूस कधी उजवली नाही.

कडी त्याच आठवड्यात बदलली. फाळका पुन्हा वाजला नाही.

त्यानंतरही मी खूप वर्षं धावले. सोपानराव पारावर माझं नाव काढेनासे झाले. ज्योतीराम वाटेत उगाच गाडी थांबवी, उतरून मागे बघे. मागे कांदेच असत.

१९८१ साली माझ्याच जातीची, नव्या घडणीची गाडी दारात आली. ज्योतीराम कौशल्याला एकेक दाखवू लागला. "हँडल नको, किल्ली फिरवली की चालू. पाटे मऊ हायेत, पोटातलं पाणी हलणार न्हाई..." बोलून गेल्यावर तो गोरामोरा झाला. घाईघाईनं म्हणाला, "फाळक्याला रबर लावलंय. दोन्ही अंगाला कड्या. आन् हे..."

केबिनच्या मागच्या पत्र्यात हातभर रुंद काच होती.

कौशल्यानं तिच्यावर बोट ठेवलं. "हिच्यातनं मागलं माणूस दिसतं?"

"दिसतं की."

"बरं केलं कंपनीनं," ती म्हणाली.

थकलेले सोपानराव काठी टेकत आले. त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. "सूनबाई, फुडं बस. म्या बसतो मागं."

"ऱ्हाऊ द्या मामंजी. तुमचं गुडघं दुखत्यात." ती सवयीनं मागे चढली.

गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी बघत होते. सोपानराव मान वळवून काचेतून मागे पाहत होते. ती त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

मित्रांनो, माझ्या खोडी नव्या गाडीत दुरुस्त झाल्या, याचा मला हेवा नाही. तुम्हीही आपल्या गाडीला जपा, सैल कडी वेळेवर बदला. पण मागून काही वाजलं, तर ते काय असेल हे बसल्या जागी ठरवू नका. थांबा. उतरा. बघा.

मला पहिल्यांदा घरी आणलं त्या दिवशी पुढच्या सीटवर, सोपानराव आणि ज्योतीरामच्या मधे, घोंगडीत गुंडाळलेला नवा वजनकाटा ठेवला होता. मागे धक्क्यानं बिघडेल, म्हणून.