निळ्या ताटलीतला न्शिमा

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. आमच्या चिपाटा शहरातल्या दवाखान्यात बावीस वर्षं मी आयांना मुलांच्या खाण्याबद्दल सल्ला देते, आणि बावीस वर्षं माझं एकच पालुपद: कपेंटा, म्हणजे ते बोटाएवढे सुके मासे, कुटा आणि पोराच्या ताटात गुपचूप मिसळा.

फालेसीलाही तेच सांगितलं. तिची लेक टिसियेंजी नऊ वर्षांची, स्वमग्न. बोलत नाही. खाते फक्त मक्याच्या पिठाचा पांढरा न्शिमा, तोही निळ्या ताटलीतून. शेजारी रस्सा दिसला तरी ताटली ढकलून देते. दंड इतका बारीक की माझ्या दोन बोटांत मावायचा.

"अगं, चिमूटभर तर पूड! तिला काय कळतंय!" मी म्हणाले होते.

तिला पहिल्याच घासाला कळलं. तिने तो थुंकला आणि न्शिमाच सोडला. एक गोष्ट खात होती पोर, तीही मी घालवली. चौथ्या दिवशी फालेसी तिला पाठीशी बांधून दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

"पोटात नुसतं पाणी आहे हिच्या. तुमचं ऐकलं, तिथेच माझं चुकलं, सिस्टर."

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू. जिला केसांना हात लावलेला सहन होत नाही, तिला नळी!

मागच्या अंगणात, जिथे मी आयांना स्वयंपाक करून दाखवते, तिथे शेगडी पेटवली. पिठाची नवी पिशवी टिसियेंजीसमोर फोडली. फालेसीला म्हटलं, "बाह्या वर कर. हात दाखव तिला. काही लपवायचं नाही आता."

फालेसीने पाणी उकळलं, पीठ वैरलं, घोटलं. पोर भांड्यावरून नजर हलवीना. न्शिमा निळ्या ताटलीत आला. आमच्याकडे जेवणाआधी धाकट्यांनी मोठ्यांच्या हातावर पाणी घालायचं असतं. त्या दिवशी मी गुडघे टेकले आणि त्या पोरीच्या हातावर पाणी घातलं. माफी मागायची मला दुसरी रीत सुचली नाही.

टिसियेंजीने न्शिमा हुंगला. लहानसा गोळा केला. तिने तो आपल्या तोंडात घातला नाही, आईच्या ओठांवर टेकवला. फालेसीने खाल्ला. पोर तिचा गळा बघत राहिली. गिळल्यावरही थांबली, बराच वेळ. मग स्वतः एक घास घेतला. मग दुसरा.

फालेसी ढसाढसा रडत होती. "बघितलंत, सिस्टर? नऊ वर्षांत पहिल्यांदा भरवलं हो मला माझ्या लेकीने!"

पोर आईला भरवत नव्हती, घासात काही लपवलंय का ते आईवर तपासून बघत होती. मला ते दिसलं होतं. एरवी माझं तोंड कधी बंद नसतं.

"हो गं," मी म्हणाले, "बघितलं मी."