पंचांच्या रांगेतली जागा

दोन फूट खाली गेल्यावर पहार ठणकन वाजली. नकटीने ती बाजूला टाकली, पदराने कपाळ पुसलं आणि खड्ड्याकडे असं पाहिलं, जणू त्याने मुद्दाम दावा साधला होता.

"कातळ लागला," ती म्हणाली.

"लागणारच," काठावर दम खात बसलेला म्हातारा गवंडी म्हणाला. "या कोपऱ्यात कातळच आहे. किती वर्षं सांगतोय मी. पण कमिटीत गवंड्याचं ऐकतो कोण?"

सकाळी आठपासून दोघं खणत होती. कबरी खणणारा माणूस तापाने आडवा पडला होता, आणि चर्चमध्ये पेटीत नकटीची आजी वाट बघत होती. वाट बघणं हा काही आजीचा स्वभाव नव्हता. त्र्याण्णव वर्षांच्या आयुष्यात ती कुणासाठी थांबल्याचं ऐकिवात नव्हतं. आता मात्र चार वाजेपर्यंत तिला गप्प पडून राहायचं होतं.

नकटीचं नाक तसं बरं होतं, पण आजीने बारशाआधीच हे नाव ठेवलं आणि ते बेचाळीस वर्षं चिकटलं. आईबाप लवकर गेले, आजीने वाढवलं. पुढे आजी खाटेला लागली तेव्हा नकटीने तिला अकरा वर्षं सांभाळलं. न्हाऊ घातलं, वेणी घातली, शिव्या खाल्ल्या. त्या अकरा वर्षांत थोरले काका तीनदा येऊन गेले. आज चौथ्यांदा आले होते, चकचकीत बूट घालून. खड्ड्यापासून दहा पावलांवर, अंगावर माती उडणार नाही अशा बेताने ते दुःख करत उभे होते.

"आई फार सोशिक," काका म्हणाले. "जन्मात कुणाला उलटून बोलली नाही. चार वाजता मी हेच बोलणार आहे."

गवंड्याला ठसका लागला. नकटीने त्याला पाण्याचा तांब्या दिला.

आजी उलटून बोलली नाही, असं बोलणाऱ्याने आधी तिला भेटायला हवं होतं. एकतिसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात तीन पोरं. दीर जमीन मागायला आला, तर आजीने त्याला अंगणात बसवून चहा दिला आणि तो पीत असताना त्याच्या बापापासूनच्या चुका ऐकवल्या. तो अर्धा कप टाकून गेला, तो परत आलाच नाही. मग आजीने लोकांच्या बटाट्याच्या शेतात मजुरी केली, दवाखान्याच्या चादरी धुतल्या, आणि रोज पहाटे चुलीपुढे बसून देवाशी बोलली. त्याला प्रार्थना म्हणायचं की झाडाझडती, हे ऐकणाऱ्याने ठरवावं. "वखारवाल्याला गुडघेदुखी दे," ती म्हणायची, "पण फार नको. त्याची बायको बिचारी चोळून चोळून मरेल."

तिला वाचता येत नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मात्र तिला संशय आला, की चर्चमध्ये शास्त्र वाचताना जुने पाळक मधलं काहीतरी गाळतात. नकटी तेव्हा सात वर्षांची. आजीने तिचं पहिलीचं पुस्तक काढून घेतलं आणि म्हणाली, "नकटे, हे एकेक शिकव. मार मी नंतर देईन." दोन वर्षांत ती बोट ठेवून ठेवून वाचायला लागली. एका रविवारी पाळकांनी बायकांनी नवऱ्याच्या आज्ञेत राहावं एवढं वाचलं, चष्मा काढला आणि प्रवचन सुरू केलं. मागच्या बाकावरून आजी उठली. "साहेब, पान अजून संपलं नाही," ती म्हणाली. "नवऱ्यांनी काय करायचं तेही खाली लिहिलंय. तेवढं वाचा, मग बसते मी." साहेबांना चष्मा परत चढवावा लागला. बायकांच्या बाजूने पहिल्यांदाच 'आमेन' एवढ्या जोरात आला की छपरावरची कबुतरं उडाली.

हे सगळं काकांना माहीत नसावं. किंवा माहीत असून ते भाषणात बसत नसावं.

दुपारी दोनला वखारवाले आले. लाकडाची वखार त्यांची, कमिटीचं अध्यक्षपद त्यांचं, चर्चमधला पंख्याखालचा बाकही त्यांचाच. सोबत तरुण पाळक होते, येऊन आठ महिनेच झालेले. पश्चिमेला ढग भरून आले होते, वारा सुटला होता, आणि खड्डा अजून गुडघ्याएवढाच होता.

"सकाळपासून एवढंच?" वखारवाले म्हणाले.

"खाली कातळ आहे. पहार वाकली," नकटी म्हणाली. "चर्चच्या दाराजवळच्या रांगेत माती मऊ आहे. तिथे खणते."

"ती पंचांची रांग आहे. कमिटीच्या माणसांची."

"जागा रिकामी आहे."

"रिकामी म्हणजे काय? राखीव आहे."

राखीव होती खरी. दाराजवळच्या रांगेच्या टोकाला वखारवाल्यांनी चुना लावलेले दगड मांडून दोन जागा धरून ठेवल्या होत्या, एक स्वतःची आणि पलीकडची बायकोची. बसच्या सीटवर रुमाल टाकावा तशा. दर रविवारी उपासना संपली की ते आपल्या जागेवर नजर टाकून जायचे, कुणी हलवली तर नाही ना म्हणून.

पाळक अवघडले. "असं करू," ते म्हणाले, "कमिटीची बैठक बोलावू आणि ठराव घेऊ."

"कधी?" नकटीने विचारलं.

"पुढच्या महिन्यात आहेच."

"तोवर आजी थांबेल असं मला वाटत नाही."

मग गवंडी उठला. गुडघ्यावर हात देत, सावकाश उठला. "साहेब, तुम्ही नवे आहात म्हणून सांगतो," तो पाळकांना म्हणाला. "हे सगळं आवार कातळाचं होतं. चर्च बांधलं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, भिंत रचायला होतो. पहिल्या पंचांना पुरायची वेळ आली, तर इथे हातभर माती नव्हती. तेव्हा सात बायकांनी नदीवरून टोपल्यांनी माती आणली. पूर्ण उन्हाळाभर. या मावशी, हिची आजी, त्यांच्यात सगळ्यात पुढे, पाठीला झोळीत तान्हं पोर बांधून. ते पोर म्हणजे हिचा बाप. पंच ज्या मऊ मातीत झोपलेत ना, ती यांच्या डोक्यावरून आलीय."

काकांनी बुटाकडे पाहिलं. पाळकांनी वखारवाल्यांकडे पाहिलं. वखारवाल्यांनी ढगांकडे पाहिलं.

"झालं असेल," वखारवाले म्हणाले. "पण नियम तो नियम."

नकटीने कुदळ खांद्यावर टाकली, आवार ओलांडून सरळ पंचांच्या रांगेपाशी गेली, चुन्याचे चार दगड पायाने बाजूला सारले आणि पहिला घाव घातला. कुदळ दांड्यापर्यंत मातीत गेली.

वखारवाले धावत आले. "ती माझी जागा आहे," ते म्हणाले.

मागून आलेल्या गवंड्याने फावडं टेकवलं. "तुम्हाला आत्ताच हवी आहे का?" त्याने अगदी अदबीने विचारलं. "तसं असेल तर आम्ही थांबतो."

वखारवाले दोन पावलं मागे सरले. पाळकांनी घाईघाईने रुमाल काढून नाक शिंकरलं, पण त्यांचे खांदे हलत होते ते सगळ्यांना दिसलं. मग त्यांनी डगल्याच्या बाह्या वर सारल्या आणि दुसरं फावडं उचललं. तासाभरात खड्डा तयार झाला, चारही बाजू सुरीने कापल्यासारख्या.

चार वाजता माणसं जमली. काकांनी कागद काढला, तेवढ्यात वाऱ्याने तो हातातून नेला आणि कुंपणापलीकडच्या बटाट्याच्या शेतात टाकला. कागदाविना काकांना आई फारशी आठवेना. "आई... आई चांगली होती," एवढं बोलून ते थांबले, आणि त्यांना रडू आलं. ते रडणं मात्र खरं होतं. नकटीने उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला काकांचा राग आला नाही.

तिला स्वतःला रडू येत नव्हतं. हाताला फोड आले होते, कंबर मोडली होती, आणि घरी गेल्यावर कुणी "एवढा उशीर का" असं विचारणार नाही, हे अजून डोक्यात शिरत नव्हतं.

एकेक जण मूठभर माती टाकून गेला. वखारवाल्यांनी चिमूटभर टाकली. शेवटी त्यांची बायको पुढे आली. पन्नास वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसून जिचा आवाज कुणी नीट ऐकला नव्हता, ती बाई कबरीपाशी उभी राहिली. तिने पलीकडच्या आपल्या दगडांकडे पाहिलं, मग आजीच्या पेटीकडे.

"बरं झालं," ती नकटीला हळूच म्हणाली. "मला वाटायचं, मेल्यावरही यांचंच ऐकत पडावं लागणार. आता शेजारी बोलायला माणूस मिळालं."

मग तिने वाकून ओंजळ भरून माती घेतली आणि कबरीत टाकली. पावसाचे पहिले थेंब पडायला लागले होते. नकटी आधी हसली, आणि हसता हसता तिला आवरेना. ती तिथेच मातीच्या ढिगावर बसली आणि मोठ्याने रडली. वखारवाल्यांची बायको पावसात भिजत तिच्याजवळ बसून राहिली. नवऱ्याने दारातून दोनदा हाक मारली, तरी ती उठली नाही.