आधी हुंगून तर बघा!

मी मरवा बोलतोय, आणि चिडून बोलतोय. आधी माझं ऐकून घ्या, मग काय ते बोला.

मागच्या गॅलरीतल्या फुटक्या बादलीत मी वाढलो. एक काडी खोचली, मूठभर जुनं शेणखत घातलं, झालं. लावणारी बाई कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. कांदा करपायच्या आधी तिच्या नाकाला कळायचं. कामाला निघताना माझं एक पान चुरगळून हुंगायची. एवढुसं पान, पण वास दिवसभर बोटांना!

मग तिला ताप आला. ताप उतरला, पण कशाचाच वास येईना. डॉक्टर म्हणाले, "ओळखीचा वास रोज घेत जा, हळूहळू येईल." ओळखीचा म्हणजे कोण? मीच की! महिन्याभरात नाक ताळ्यावर आलं नाही, तर कँटीनमध्ये दुसरी बाई येणार होती.

इथे तिचा थोरला भाऊ सरसावला. माणूस प्रेमळ, पण उत्साह म्हणजे नुसता उच्छाद! "मरवा जोमात वाढला की वासही जोरात येईल," म्हणाला. शेणखत घातलं, गांडूळखत घातलं, वर केळीच्या सालींचं पाणी. तेवढ्यानं भागेना म्हणून झाकणाच्या डब्यात पेंड कुजत घातली आणि ते पाणीही एक दिवसाआड माझ्या मुळाशी.

"दादा, जास्त होतंय रे," ती म्हणायची.

"अगं, नैसर्गिक खत आहे. त्यानं कधी अपाय होतो का?"

होतो! हजारदा होतो! मी सुवासाचं झाड आहे, कोबीचा गड्डा नाही. पोट तुडुंब भरल्यावर मी नुसता फुगलो. पानं रुंद, लुसलुशीत झाली आणि वास पार गेला. शेजारपाजारचे येऊन "वा, काय वाढलाय!" म्हणून जायचे. एकानं तरी हुंगावं? नाव नको!

ती मात्र रोज पान चुरगळायची, डोळे मिटायची. उघडायची तेव्हा त्यांत पाणी असायचं. अहो, माझा जीव तुटायचा! तुझं नाक राहू दे, माझाच वास गेलाय, हे सांगायला मला तोंड कुठे होतं? शेवटी एका सकाळी ती म्हणाली, "दादा, मी कळवून टाकते. त्यांना दुसरी बाई बघू दे."

तो बिचारा ऐकतोय कुठला! पुन्हा पेंडीचं पाणी घालायला उठला! आणि घाईत डब्याचं झाकण तिच्या शेजारीच उघडलं.

"शी! काय घाण वास आहे!" ती नाक दाबून ओरडली. मग दोघंही जागच्या जागी थबकली.

तिनं माझं पान तोडून चुरगळलं, हुंगलं. काहीच नाही. तेच पान तिनं त्याच्या नाकाला लावलं. "आता तू सांग."

महिन्याभरात पहिल्यांदाच त्यानं मला हुंगलं. "कशाचाच वास नाही गं," तो पुटपुटला. घरात दोन नाकं होती हो, आणि एक तर चांगलं धडधाकट! तरी रडली ती एकटीच.

आता मला छाटलंय, उन्हात ठेवलंय. खत वर्षातून दोनदा, तेही मूठभर. ती कामावर जाते. खत घाला बाबांनो, माझी ना नाही, पण आधी हुंगून तर बघा!

परवा मला बारीकसं नवं पान फुटलं. ते तिनं चुरगळलं, पण स्वतःच्या नाकाशी नेलं नाही. बोटं दादापुढे धरली. "आधी तू."

त्यानं हुंगलं, माझा वास आला, आणि कितीतरी वेळ तिचा हात सोडला नाही.