तीन खिशांचा कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. माझी कोपरे विरली आहेत, कॉलर मऊ पडली आहे आणि माझा मूळ रंग कोणता होता यावर घरात दोन मते आहेत. मला तीन खिसे आहेत. त्या खिशांच्या नादाने मला एक गोष्ट कळली. माणसाच्या कमाईवर सरकार कर घेते, तो कसा घेते, ही ती गोष्ट.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. धामणगाव बढे या गावचे निवृत्ती भाजीपाला पिकवत. त्यांच्या लग्नासाठी मलकापूरच्या एका शिंप्याने मला शिवले. मांडवात पाहुण्यांनी माझे कापड चिमटीत धरून पाहिले आणि माना डोलावल्या. एवढेच माझे कौतुक. मग निवृत्तींची बायको विमलबाई हिने कडुलिंबाचा पाला घालून मला पेटीत ठेवले. दर दिवाळीला ती मला ऊन दाखवी, झटकी आणि पुन्हा घडी करी.

एका दिवाळीला पेटी उघडली नाही. पुढच्याही नाही. पाल्याचा भुगा झाला. घरातले दोनच आवाज माझ्या कानी येत, बापाचा आणि लेकाचा. तेही थोडेच.

लेक इंद्रभान मलकापूरच्या शाळेत जायला निघाला, तेव्हा निवृत्तींनी मला बाहेर काढले. बराच वेळ हातात धरले.

"घाल," ते म्हणाले. "तिच्या हातची घडी हाय. पण घाल."

तेव्हापासून मी कामाला लागलो. इंद्रभान सकाळी कापसाची सरकी काढणाऱ्या जिनच्या फाटकावर बसून आलेल्या गाड्यांचे नंबर लिही. मग शाळा. संध्याकाळी एका वकिलांच्या मुलांना गणित शिकवी. बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की भगवंतरावांच्या कापड दुकानात मोजायचा गज घेऊन उभा राही. तीन कामांचे पैसे तो माझ्या तीन खिशांत वेगवेगळे ठेवी. एकाचे दुसऱ्यात मिसळू देत नसे. का, ते मला कळत नसे.

ते एका बाजारच्या दिवशी कळले. निवृत्ती भाजी विकून दुकानात आले होते. भगवंतराव त्या दिवशी फार चिडलेले होते. त्यांना इन्कम टॅक्स भरायला सांगितले होते.

"मलेच सोडलं नाही, तं तुह्या पोराले सोडतीन का?" ते निवृत्तींना म्हणाले. "मी एका जागी कमावतो. हा तं तीन जागी कमावते!"

निवृत्तींचा चेहरा उतरला. ते मोताळ्याच्या बाजारात बसले की तिथे बाजारपट्टी देत, मलकापूरला बसले की इथे देत. जितके बाजार तितक्या पट्ट्या. त्यांच्या लेखी कर म्हणजे हेच.

"तीन जागी बसशील तं तीन पट्ट्या लागतीन," ते लेकाला म्हणाले. "दोन कामं सोड."

"मंग खोलीचं भाडं? शाळेची फी? पोटाचं? एकेका खिशातून एकेक खर्च निघते. एका कामात भागत नाही बा."

"नाही भागत तं घरी चाल. वांगे खुडायले माणूस पाहिजेच हाय."

मॅट्रिकची परीक्षा दोन महिन्यांवर होती.

"बा, टॅक्सवाल्याले पुसून तं पाहू."

"पुसायले गेला तं नाव लिहून घेतीन बे!" भगवंतराव ओरडले.

पण इंद्रभानला भीतीपेक्षा जाणून घ्यायची हौस जास्त. टॅक्सचे साहेब दौऱ्यावर आले होते. त्यांचे कारकून अर्जुनराव सरकारी बंगल्याच्या ओसरीवर बसले होते. बापलेक त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. इंद्रभानने तिन्ही कामे सांगितली आणि तिन्ही खिसे दाखवले.

अर्जुनराव हसले. "काका, हा बाजार नाही. कोणत्या खिशात किती, ते सरकार पुसत नाही. कोट कोणाच्या अंगावर हाय, ते पुसते. साऱ्या वर्षाची, साऱ्या जागची कमाई एकत्र करायची. ती ठरलेल्या हद्दीच्या वर गेली तं टॅक्स. खाली राह्यली तं काईच नाही. तुमच्या पोराची कमाई हद्दीच्या पायथ्याशीही नाही."

मी चकित झालो. म्हणजे माझे खिसे तीन असले, तरी सरकारच्या लेखी मी एकच!

"मी विद्यार्थी हावो म्हणून सूट?" इंद्रभानने विचारले.

"विद्यार्थी असो का म्हातारा. कमाई ते कमाई."

"अन् तिन्ही मिळून हद्दीच्या वर गेलं तं?"

"मंग द्यायचा. जिनवाल्याले वकिलाचं माहीत नाही, वकिलाले दुकानाचं माहीत नाही. बेरीज फक्त तुले माहीत. म्हणून ती सांगायचं काम तुहं. लपवाचं नाही."

"कोणी चुकून टॅक्स कापला तं?"

"अर्ज कर. पैसे परत भेटते."

"अन् माह्या वांग्यावर?" निवृत्तींनी हळूच विचारले.

"तुम्ही शेतसारा देताच ना? शेतीच्या कमाईवर हा टॅक्स नाही."

"मंग भगवंतराव काऊन रडते?"

"त्यायची कमाई वर गेली म्हणून. रडायचीही ऐपत लागते, काका!"

इंद्रभान हसला. निवृत्ती हसले नाहीत. ओसरीच्या पायरीवर ते खाली बसले.

"आता तुले घरी न्यायले काईच कारण राह्यलं नाही," ते म्हणाले.

इंद्रभान त्यांच्या शेजारी बसला.

"बा, तू टॅक्सले भेत नव्हता?"

"भेत होतो ना. पण घरी भाकर एकट्याची टाकतो, ते जास्त जड जाते." त्यांनी पागोट्याच्या शेवाने तोंड पुसले. "इम्तिहान दे. मले सवय होईन."

ते टोपल्या गाडीत टाकून गेले. इंद्रभानने एकही काम सोडले नाही. पण पुढच्या बाजारापासून तो दुकानात उशिरा जाऊ लागला. आधी घटकाभर बापाच्या भाजीजवळ बसे, आणि दोघे एका फडक्यावर भाकरी खात. भगवंतराव तेवढी मजुरी कापत. ते पैसे माझ्या कोणत्याच खिशात आले नाहीत, आणि त्याची आठवण त्याने कधी काढली नाही.

मित्रांनो, तुम्हीही उद्या दोन-तीन जागी कमवाल. कमाईची बेरीज खरी करा, आणि कळत नसेल तर घाबरण्याआधी विचारा. पण तुमच्या घरी कोणी एकट्याने जेवत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला सवय होईल म्हणून सोडून देऊ नका. मी निवृत्तींच्या घरात इतकी वर्षे काढली आहेत. तशी सवय होत नाही.