चुकण्याचा तास

आमच्या अध्यापक विद्यालयात शनिवारचा शेवटचा तास चुकण्याचा असायचा. वेळापत्रकात त्याला भारदस्त नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. टेबलावर एक पत्र्याचा डबा असे, त्यात चिठ्ठ्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर लहान मुलं गणितात हमखास करतात अशी एक चूक. ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल, त्याने ती चूक करणारं मूल व्हायचं, बाकावर बसायचं आणि ती अगदी हट्टाने लढवायची. दुसऱ्या कुणीतरी त्या मुलाला शिकवायचं. उत्तर सांगून टाकायला सक्त मनाई.

ही पद्धत आमच्या गणिताच्या बाईंची. पाठीमागे आम्ही त्यांना तराजूबाई म्हणायचो आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. खिडकीच्या गजाला त्यांनी एक तराजू टांगून ठेवला होता. लाकडी दांडी, सुतळी, आणि पारडी म्हणून बिस्किटांच्या डब्यांची दोन झाकणं. एक झाकण जरा हलकं, म्हणून त्याच्या पोटाला मेणाचा गोळा चिकटवलेला. उन्हाळ्यात तो मऊ होऊन पडायचा, की बाई जमिनीवर बसून शोधायच्या आणि पुन्हा चिकटवायच्या. “सांगा बघू, दोन्हीकडे सारखं झालं का?” हा त्यांचा प्रश्न. तो त्या अशा लयीत विचारायच्या की आपण मोठी माणसं आहोत हे विसरून सगळा वर्ग सुरात “झा-लं!” म्हणायचा. कीर्तनात ध्रुपद आलं की हात आपोआप टाळीला जातात, तसंच ते. देवाच्या कृपेने तो सूर अजून माझ्या कानांत शाबूत आहे.

चुकण्यात आमच्या वर्गातल्या वकिलाचा हात कुणी धरू शकत नसे. खरा वकील नव्हे, वाद घालतो म्हणून पडलेलं नाव. “पाव अर्ध्यापेक्षा मोठा, बाई! त्यात खाली चार आहेत, ह्यात दोनच. चार मोठे की दोन?” असं तो ओठ फुगवून म्हणायचा आणि शिकवणाऱ्याला घाम फोडायचा.

आणि आत्या. आत्या आमच्यात वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून ती जगाची आत्या. प्रशिक्षण न घेताच ती एका लहानशा शाळेत कितीतरी वर्षं शिकवत होती. आता शाळेने सांगून टाकलं होतं, ह्या वर्षी प्रमाणपत्र आणा, नाहीतर तुमच्या जागी दुसरी बाई येईल. नवरा आजारपणामुळे घरी, मिळवती ती एकटीच. तेव्हा वर्षअखेरीस परीक्षकांसमोर द्यायचा शेवटचा पाठ पास होणं म्हणजे तिच्यासाठी चूल पेटती राहणं होतं.

पण आत्याला चुकताच येत नसे.

एका शनिवारी तिला चिठ्ठी आली. आठ अधिक चार बरोबर चौकट अधिक पाच, आणि चौकटीत मुलाने लिहिलेत बारा. वकील शिकवायला उभा राहिला.

“बाळ, चौकटीत काय लिहायचं?”

“सात,” आत्या म्हणाली.

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, “अहो आत्या, बारा म्हणायचंय.”

“जीभच वळत नाही हो, बाई. माझ्या वर्गात कुणी बारा लिहिलं तर त्याचा हात फळ्यावरून निघायच्या आत मी पुसून टाकते.”

“पण त्याने बारा का लिहिलं?”

“लक्ष नसतं कार्ट्यांचं.”

“असतं. लक्ष असतं म्हणून तर बारा. आजवर ते बरोबरचं चिन्ह आलं की पुढे उत्तर लिहायचं, एवढंच त्याने पाहिलंय. कुणी दाखवलं? आपणच.” बाईंचा आवाज मऊ झाला. “आत्या, ते मूल ज्या वाटेने बाराला पोचलं, ती वाट एकदा चालून बघा. नाहीतर शेवटच्या पाठाला मी तुमच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही.”

तास संपल्यावर आत्या व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसली. “इतक्या वर्षांत माझ्या वर्गातलं एक गणित चुकलेलं नाही गं.”

“तुम्ही चुकू दिलं नाहीत,” मी बोलून गेले.

तिने तोंड फिरवलं. आपल्या खाण्याचा अर्धा डबा मात्र माझ्यापुढे सरकवला.

शेवटचा पाठ अंगणापलीकडच्या सराव शाळेत, तिसरीच्या वर्गावर होता. बाहेरून आलेले परीक्षक मागच्या छोट्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले. शेजारी बाई. आम्ही भिंतीला चिकटून. आत्याने बाईंचा तराजू मागून आणला होता आणि वर्गातल्या खिडकीला टांगला होता. एका पारड्यात आठ बटणं, मग चार, आणि डबीचं वजन फिटावं म्हणून एक रिकामी काडेपेटी. दुसऱ्यात पाच बटणं आणि तसलीच दुसरी काडेपेटी. चौकट म्हणजे ही दुसरी डबी, तिच्यात किती घालायची ते शोधायचं. फळ्यावर तेच गणित.

दोन वेण्यांची एक मुलगी टणकन उठली आणि चौकटीत बारा लिहून मोकळी झाली.

आत्याचा हात डस्टरकडे गेला. हात डस्टरवर टेकला आणि तिथेच राहिला.

“कसे गं आले बारा?”

“आठ नि चार बारा. हे चिन्ह आलं की उत्तर लिहायचं.”

“आणि हे पाच?”

मुलीने पाचाकडे बघितलं. “ते उगीच आलेत.”

वकिलाने तोंडावर हात दाबला. आत्या मात्र मान हलवत होती. “खरं वाटतंय तुझं. चल, डबीत बारा घाल.”

मुलीने मोजून बारा बटणं डबीत कोंबली. पारडं दणकन खाली गेलं.

“बाई, तुमचा तराजू बिघडलाय!”

“असेल. काढ सगळं आणि बघ.”

सगळं काढलं. रिकामी पारडी शहाण्यासारखी समोरासमोर उभी राहिली. पुन्हा सगळं मांडलं, पुन्हा पारडं खाली. आणि तेवढ्यात घंटा झाली.

फळ्यावर बारा तसेच. पुसून सात लिहायला एक क्षण पुरला असता. आत्याने डस्टर दूर सारलं. “जा, खेळून या. मग बघू.”

मुलं धावली. परीक्षकांनी पेन उघडलं. “तास संपला आणि चुकीचं उत्तर फळ्यावर? हा पाठ मी पुरा कसा धरू?”

“साहेब, आधी चहा तरी घ्या,” बाई म्हणाल्या. “पेन कुठे पळून चाललंय?”

चहा आला. आत्या फळ्याशी उभी, खडूने पांढरी झालेली बोटं एकमेकांत गुंतवून. मी मनातल्या मनात देवाला हाका मारत होते. आज हिची लाज राख रे बाबा, हिच्या घरी हिच्याशिवाय मिळवतं कुणी नाही.

दार ढकलून ती दोन वेण्यांची आत आली. आम्ही कुणी तिच्या खिजगणतीत नव्हतो. सरळ तराजूपाशी गेली आणि डबीतून एक बटण काढलं. पारडं हललंही नाही. आणखी एक. आणखी. जीभ दातांत धरून ती काढत राहिली, आणि मग दांडी हळूहळू आडवी झाली. तिने डबी जमिनीवर ओतली, मोजलं, फळ्याकडे बघितलं.

“बाई! ते पाच उगीच नव्हते!”

तळहाताने बारा पुसून तिने सात लिहिले. मग वळून, भुवया आक्रसून म्हणाली, “मग आपण ह्याच्यात आणखी दोन टाकले तर त्याच्यात पण दोन टाकायला लागतील?”

“का बरं?” हे परीक्षकांनी विचारलं. कप हातातच.

“नाहीतर ते दुसरं रुसेल ना.”

शाळेत असताना बीजगणितात आम्ही जे समीकरण समीकरण म्हणून घोकलं, ते त्या रुसव्याहून वेगळं काही नव्हतं. परीक्षक खळखळून हसले. गार चहा एका घोटात संपवला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो बाईंपुढे सरकवला. बाईंनी वाचला, चष्मा काढून पुसला. “आत्या,” त्या लयीत म्हणाल्या, “झालं का दोन्हीकडे सारखं?”

आत्याला “झालं” म्हणता आलं नाही. ती लहान बाकावर बसली आणि पोटभर रडली. मुलगी बावरली. “बाई, मी बारा लिहिले म्हणून?”

“हो गं राणी,” आत्या डोळे पुसत म्हणाली, “तू बारा लिहिलेस म्हणूनच.”

आत्याची जागा राहिली. विद्यालयातून निघण्यापूर्वीच्या शेवटच्या शनिवारी तिने न बघता चिठ्ठी उचलली नाही, डबा टेबलावर उपडा केला, सगळ्या चिठ्ठ्या उलथ्यापालथ्या करून आपली तीच चिठ्ठी शोधून काढली, बाकावर जाऊन बसली आणि दोन्ही पाय हलवू लागली. वकील शिकवायला आला, त्याने सगळे उपाय करून पाहिले, शेवटी हात जोडले. आत्या काही केल्या बारा सोडेना.

“ते पाच उगीच आलेत!” ती ओरडत होती, आणि बाई हसता हसता खिडकीखाली मेणाचा गोळा शोधत होत्या.