कापसात भिजलेली पेटी

मी आकाशातून उतरलेली पेटी बोलतेय. लिहून घेतोय भारत. त्याची शाळा आठवीतच सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि साधेसुधे शब्द पोटात घाला.

मला हैदराबादला घडवलं. पोटात किरण टिपणारा, पण ओल न सोसणारा, मिठाच्या जातीचा, काचेसारखा स्फटिक बसवला आणि भल्यामोठ्या फुग्याला बांधून वर सोडलं. मला एक मेलेला तारा पाहायचा होता. सूर्याहून जड, पण एवढासा, की भारतच्या बेला गावाहून निघालं तर आदिलाबाद यायच्या आत संपेल. मी वर होते त्याच सहा तासांत एक उपग्रह त्याचे क्ष-किरण टिपत होता आणि मी गॅमा किरण. दोघांच्या नोंदी जोडल्या तरच उपयोग. एका बैलावर गाडी चालत नाही.

उतरताना भारतच्या बांधावर आपटून मला चीर गेली. पण आतला स्फटिक स्वच्छ होता. भारतनं वाकून पाहिला. भंगारवाले टपले होते, म्हणून त्यानं मला घरातल्या कापसाच्या ढिगात लपवलं.

बाजाराच्या आदल्या दुपारी त्याच्या वडिलांनी, पांडुरंगरावांनी, वजन भरावं म्हणून ढिगावर पाणी मारलं. मी आत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ओल चिरेतून शिरली. स्फटिक पिवळा पडला.

संध्याकाळी पटवाऱ्यासोबत सुनयना मॅडम आल्या. मला घडवणाऱ्या त्याच.

"ही ओली कधी झाली? वरच झाली असेल, तर सगळ्या नोंदी रद्द."

पटवारी हसला. "कापूस तं ओला नाही ना, पांडुरंगराव?"

"काऊन थट्टा करून राह्यले साहेब? पडली तवाच ओली होती. इचारा पोराले."

भारतनं खाली बघून मान डोलावली.

मॅडमनी चार वर्षांच्या कामावर रेघ मारली. भंगारवाल्यानं मला तोडलं असतं तर बरं झालं असतं. निदान त्यानं खोटं सांगितलं नसतं.

सकाळी मला न्यायला ड्रायव्हर कुलदीप एकटाच आला. पांडुरंगराव समोरच बैलगाडीत कापूस भरत होते. तरी भारत म्हणाला, "भाऊ, पानी आमीच मारलं. पेटी कोरडी होती. मॅडमले सांगा."

"मेरेकू कायकू बोलरा? मैं तो खाली ड्रायव्हर."

भारतनं चुलीतला कोळसा आणून माझ्या झाकणावर लिहिलं, 'पाणी आम्ही मारलं. वर पेटी कोरडी होती.' वडील बघत राहिले.

कुलदीपनं मला गाडीत चढवून नेमकी त्या अक्षरांवरूनच दोरी आवळली. गाडी हलली, दोरी कोळशावर घासू लागली. कधी कुणापुढं मोठ्यानं न बोललेला भारत मागं धावत ओरडत होता, "दोरी बाजूले घ्या, भाऊ! दोरी बाजूले घ्या!"